वांद्र्याची वारसा फेरी : घरे दाखवते, खाडी विसरते

वांद्रे पश्चिमेत सुट्टीच्या दिवशी सकाळी निघणाऱ्या वारसा फेऱ्या आता चांगल्याच रुळल्या आहेत. रानवारच्या चौकात जमायचे, वरोडा रस्त्याच्या गल्ल्यांतून हिल रोडवर यायचे, मग सेंट अँड्र्यूज चर्च, चिंबईचा कोळीवाडा, माउंट मेरीची टेकडी आणि शेवटी किल्ला, असा या फेऱ्यांचा ठरीव मार्ग असतो. मी घेतलेली फेरीही याच वळणाची होती. आयोजकांचे नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा मांडल्या आहेत त्या बव्हंशी या प्रकाराच्याच आहेत. शुल्क माणशी आठशे रुपये, वेळ साधारण तीन तास, गट वीसेक जणांचा. मराठीतून माहिती देणारी तुकडी महिन्यातून एकदाच निघते आणि तिच्या जागा लवकर भरतात.

या पैशांत रानवारपुरती फेरी उत्तम आहे, माउंट मेरीपर्यंत बरी आहे, आणि किल्ल्यावर पोचेपर्यंत तिचा धागा पार सुटतो. आमची मार्गदर्शक तरुणी अभ्यासू होती, तिचे पाठांतर चोख होते, आवाज स्वच्छ होता. दोष तिच्यात नव्हता. फेरीची आखणीच अशी आहे की वांद्र्याचा इतिहास सांगायचा, पण हे उपनगर कुठल्या जमिनीवर आणि कुठल्या पाण्याकाठी वसले आहे ते सांगायचे नाही. इतर गावांच्या बाबतीत हे कदाचित खपून जाईल. वांद्र्याच्या बाबतीत नाही.

जी गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवी होती आणि शेवटपर्यंत कोणी सांगितली नाही, ती अशी. वांद्रे हे साष्टी बेटाचे, म्हणजे मुंबईची उपनगरे ज्यावर वसली आहेत त्या बेटाचे, नैर्ऋत्य टोक आहे. पश्चिमेला अरबी समुद्र आहे, दक्षिणेला माहीमची खाडी आहे आणि याच खाडीला मिठी नदी येऊन मिळते. समुद्राच्या कडेने पाली हिल आणि माउंट मेरीची टेकडी असा खडकाळ उंचवटा उभा आहे. तो पावसाळी वारा अंगावर घेतो आणि पूर्वेकडच्या सखल जमिनीला आडोसा देतो. त्या सखल जमिनीत भातशेती होती आणि तिच्याही पलीकडे, खाडीच्या अंगाला, भरतीचे पाणी आत-बाहेर करणारी खाजणे होती. आता वस्त्या पाहा. शेती करणारे रानवार, वरोडा, शेर्ली आणि पाली हे उंचवट्याच्या आडोशाला वसले. मासेमारी करणारे चिंबई किनाऱ्यावर. उंचावर धर्मगुरू आणि तोफा. आणि व्यापाराची वर्दळ खाडी ओलांडायच्या जागेच्या बाजूला. हा आराखडा एकदा डोक्यात बसला, की पुढच्या तीन तासांत दिसणारी प्रत्येक वास्तू आपली जागा आपणच सांगू लागते. तो नसेल, तर चर्चनंतर घर आणि घरानंतर क्रूस अशी नुसती रांग हाती उरते.

रानवारचा भाग मात्र मनापासून वाखाणण्यासारखा आहे. इथे गटाला घाई केली जात नाही. एका दुमजली घरासमोर मार्गदर्शकाने आम्हांला बराच वेळ थांबवले आणि ते घर वाचायला शिकवले, असेच म्हणावे लागेल. मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, पावसाची झड आत येऊ नये म्हणून भिंतीच्या बरेच पुढे काढलेले. पुढच्या ओसरीला लाकडी कठडा. आणि घराच्या बाहेरच्या अंगाने थेट वरच्या मजल्यावर चढणारा जिना. हा जिना बाहेर असला की वरचा मजला भाडेकरूला देता येतो आणि खालच्या घरात त्याची ये-जा होत नाही, हे कारण सांगितल्यावर गटातल्या कित्येकांनी मान वर करून त्या पायऱ्या पुन्हा पाहिल्या. पायऱ्यांच्या कडा झिजून मधोमध खळगे पडले होते, आणि कठड्याच्या एका खांबाला इतक्या वेळा रंग दिला होता की त्यावरची नक्षी जवळजवळ बुजून गेली होती. अशा बारकाव्यांत ही फेरी अव्वल आहे.

त्याच चौकात क्रूसाची गोष्ट येते, आणि तीही नीट सांगितली गेली. वांद्र्यात रस्त्याच्या कडेला, दोन घरांच्या बोळात, कधी थेट कंपाउंडच्या भिंतीत बसवलेले क्रूस पावलोपावली दिसतात. त्यांतले बरेचसे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला त्या सुमाराचे आणि त्यानंतरच्या वर्षांतले आहेत. साथ आपल्या पाखाडीत, म्हणजे वस्तीत, शिरू नये म्हणून, किंवा ती ओसरल्यावर नवस फेडण्यासाठी, लोकांनी ते उभारले. दाट वस्तीच्या मुंबईतून हवेशीर उपनगरांकडे माणसांचा ओघ सुरू झाला तोही याच काळात, आणि भातखाचरांच्या जागी बंगल्यांचे भूखंड दिसू लागले. १९१८ मध्ये स्थापन झालेली साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था ही या बदलाचीच खूण आहे. रानवारच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या आणि हाकेच्या अंतरावरचे सरळ रेषेतले रस्ते यांतला फरक हा गावठाण आणि आखलेली वसाहत यांतला फरक आहे, हे मार्गदर्शकाने चालता चालता दाखवले. तो तिच्या निवेदनातला सर्वांत चांगला क्षण होता.

ईस्ट इंडियन समाजाबद्दलची माहितीही नेमकी होती. हे इथलेच मराठी बोलणारे शेतकरी, कोळी आणि कारागीर. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले. नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपासून आपले वेगळेपण कंपनी सरकारच्या जुन्या मुलखातले रहिवासी म्हणून नोंदले जावे, या हेतूने व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन केली. ओसरीत बसलेल्या एका वृद्ध बाईंनी गटाला मराठीतून "या, बसा" म्हटले, तेव्हा आमच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटले ते मला खरे तर खटकले. वांद्र्याच्या या घरांत मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते, हे दादर-पार्ल्याच्या मराठी माणसालाही सांगावे लागते. अशा फेरीचा एक उपयोग तोही म्हणता येईल.

सेंट अँड्र्यूज चर्चपाशी थांबा थोडाच होता. जेझुइट पाद्र्यांनी १५७५ मध्ये स्थापलेले हे चर्च वांद्र्यातले सर्वांत जुने. आवारातला एकसंध दगडाचा उंच क्रूस, येशूच्या यातनांची चिन्हे अंगभर कोरलेला, जवळून पाहता येतो. प्रार्थनेची वेळ असल्याने आम्ही बाहेरूनच निघालो, आणि ते योग्यच झाले.

चिंबईत मात्र फेरीने निराशा केली. चर्चच्या मागे, हिल रोडच्या गजबजाटापासून काही पावलांवर, एक जिती मासेमार वस्ती आहे. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आहेत, जाळी तुणत बसलेली माणसे आहेत, मोसमात वलांडीवर सुकणारे बोंबील आहेत. इथे जेमतेम दहा मिनिटे दिली गेली, आणि तीही छायाचित्रांसाठी. कोणत्या दिशेने वारा आला की होड्या बाहेर काढत नाहीत, टेकडीच्या टोकामुळे या किनाऱ्याला कितपत आडोसा मिळतो, सागरी सेतू आणि भराव यांचा मासेमारीवर काय परिणाम झाला, हे प्रश्न विचारायला याहून चांगली जागा सबंध मार्गावर नाही. विचारायचे म्हटले तर उत्तरे देणारी माणसे तिथेच समोर बसलेली होती. त्याऐवजी गटातल्या दोघांनी एका घराच्या उघड्या दारातून आतले फोटो काढले, आणि मार्गदर्शकाने त्यांना हटकले नाही. वीस माणसांचा घोळका कोणाच्या तरी अंगणातून जाणार असेल, तर निघण्यापूर्वी चार शब्द सांगणे हे आयोजकांचे कर्तव्यच आहे.

पुढची माउंट मेरीची चढण दमवणारी आहे, पण तिथे पोचल्यावर निवेदनात पुन्हा जीव येतो. चर्चच्या बाहेरच्या टपऱ्यांवर मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळे, घरे, अलीकडे तर विमाने आणि पारपत्रेही विकायला असतात. ज्याची जी इच्छा, तिचा आकार तो अर्पण करतो. घेणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच असतात. कोळी बांधव या देवीला मोत माउली म्हणतात. ८ सप्टेंबरच्या सणानंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर भरणाऱ्या जत्रेला सबंध मुंबईतून माणसे लोटतात. आजची इमारत १९०४ ची, शापूरजी चांदाभॉय या वास्तुरचनाकाराची. मूर्ती मात्र कितीतरी जुनी. १७०० च्या सुमारास अरब चाच्यांनी सोन्याच्या लोभाने तिचा उजवा हात तोडल्याचे सांगतात. चाचे कुठून आले, असा प्रश्न एका शाळकरी मुलाने विचारला आणि त्याला हसण्यावारी नेण्यात आले. वास्तविक त्या प्रश्नाचे उत्तर टेकडीच्या कठड्यापाशी उभे राहून देता आले असते. समुद्रातून येणाऱ्याला पहिले दिसते ते हे टोक, आणि खाली उतरायला किनारा लगतच आहे. माउली इथे का बसली आणि चाचे इथे का आले, या दोन्ही गोष्टींना जागेचे हे एकच कारण पुरते.

आता किल्ला. सबंध फेरीतली माझी मुख्य तक्रार इथली आहे.

वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांनी इंग्रजांपासून बचावासाठी बांधला, असे आम्हांला सांगण्यात आले. किल्ला १६४० चा आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या दक्षिणेची बेटे पोर्तुगीजांना दिली, तेव्हापासून खाडीच्या अलीकडचे वांद्रे आणि पलीकडचे माहीम हे दोन्ही काठ त्यांच्याच ताब्यात होते. १६४० मध्ये समोर इंग्रज नव्हतेच. त्या वेळी या टोकावर पहारा हवा होता तो माहीमच्या उपसागरात शिरणाऱ्या जहाजांवर आणि खाडीच्या तोंडावर. शिवाय जहाजांना गोडे पाणी भरून घेण्यासाठी ही सोयीची जागा होती. किल्ल्याच्या बुरुजावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, की समोर माहीम आणि त्यापुढे वरळीचे टोक दिसते. जागा का निवडली हे समजायला याहून अधिक काही लागत नाही.

खरी कलाटणी नंतरची आहे, आणि ती फेरीत साफ वगळली गेली. १६६१ च्या विवाहकरारात कॅथरीन ऑफ ब्रगान्झाबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा दिला गेला, आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे आज लोकलमधून एका मिनिटात मागे पडणारी माहीमची खाडी ही त्या दिवसापासून दोन सत्तांची सरहद्द झाली. कंपनीने आपल्या बाजूने शीवसारखे किल्ले बांधून तिच्यावर नजर ठेवली. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली, तेव्हा वांद्र्याच्या जेझुइटांनी त्याला आतून साहाय्य केल्याचा ठपका ठेवून इंग्रजांनी त्यांच्या मुंबईतल्या जमिनी जप्त केल्या. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीत मुसंडी मारली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. किल्ला मराठ्यांच्या हाती पडून त्याच्या तोफा मुंबईकडे वळू नयेत, म्हणून इंग्रजांच्या सल्ल्याने तो पाडण्यात आला. आज जे अवशेष दिसतात त्यामागे ही हकिगत आहे. त्यानंतर खाडीच्या या काठावर मराठे आणि त्या काठावर इंग्रज, अशी स्थिती १७७४ मध्ये कंपनीने साष्टी जिंकेपर्यंत राहिली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने कंपनीच्या या ताब्यावर शिक्कामोर्तब झाले. शंभराहून अधिक वर्षे वांद्रे हे मुंबईचे उपनगर नव्हते; ते समोरच्या राज्याचे नाके होते. किल्ल्यावर उभे राहून हे सांगायचे नसेल, तर किल्ल्यावर नेता तरी कशाला? आमची वीस मिनिटे सागरी सेतूच्या पार्श्वभूमीवरच्या सामूहिक छायाचित्रात आणि कोणत्या चित्रपटांचे चित्रीकरण इथे झाले या गप्पांत गेली.

मार्गाची दुसरी मोठी उणीव म्हणजे स्थानकाच्या बाजूला फेरी फिरकतच नाही. सरहद्द मोडली ती कशी, हे त्या बाजूला कळते. १८४५ पर्यंत माहीम-वांद्रे ये-जा होड्यांनी चाले आणि पावसाळ्यात ती जिवावर बेतत असे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, प्रवाशांकडून टोल घेऊ नये अशी अट घातली, आणि माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडीवरून जाणारा बांधरस्ता, उभा राहिला. १८६७ मध्ये विरारहून मुंबईपर्यंत लोकल धावू लागली. १८७६ मध्ये वांद्र्याला स्वतःची नगरपालिका मिळाली. १८८८ ची स्थानकाची इमारत, तिच्या उतरत्या छपरासह, अजून वापरात आहे आणि रोज लाखो माणसे तिच्याकडे न पाहता पुढे जातात. स्थानकापासून चालत थोड्या अंतरावर नवपाड्याच्या कोकणी मुसलमानाने बांधलेला मोठा तलाव आहे, जवळच जरीमरीचे देऊळ आहे, बाजार रस्त्याला जुनी दुकाने आहेत. रानवारच्या ओसऱ्यांपेक्षा हा भाग कमी देखणा आहे, गर्दीचा आहे, फुटपाथ धड नाहीत. आयोजकांना विचारले तेव्हा 'तिकडे गट सांभाळणे अवघड जाते' असे उत्तर मिळाले. कारण पटण्यासारखे आहे, पण परिणाम असा होतो की पाहुण्याच्या मनात केवळ ख्रिस्ती, केवळ पोर्तुगीज, केवळ बंगल्यांचे वांद्रे तयार होते. कोकणी मुसलमान, हिंदू कोळी, पारशी जमीनदार आणि रेल्वेचे बाबू त्यातून गळून पडतात.

रुळांच्या पूर्वेकडचे वांद्रे तर नकाशावरच नव्हते, आणि हे मी शब्दशः म्हणतो: हाती दिलेल्या छापील नकाशाची उजवी कड स्वामी विवेकानंद मार्गापाशी संपते. वास्तविक मुंबई उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय त्या पूर्वेलाच आहे. १९७७ मध्ये एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) नियोजन सोपवल्यानंतर मिठीच्या काठच्या दलदलीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले तेही तिथेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा अरुंद झालेले पात्र आणि बुजवलेली खाजणे यांची चर्चा सबंध शहराने केली. तीन तासांत तिथवर चालत जाणे शक्य नाही, हे मान्य. पण किल्ल्यावरून खाडीकडे बोट दाखवून दोन वाक्ये सांगता येतात.

काही व्यावहारिक गोष्टी. माउंट मेरीची चढण आणि किल्ल्याच्या पायऱ्या गुडघेदुखी असलेल्यांना जड जातील. संयोजक हे आधी सांगत नाहीत. वाटेत स्वच्छतागृहाची सोय फक्त एकदाच होती. पाण्याची बाटली शुल्कात धरलेली आहे, खाणे नाही, पण पाली नाक्याकडे किंवा हिल रोडला त्याची ददात नाही. ध्वनिवर्धक न वापरता मार्गदर्शकाने आवाज पोचवला, त्यामुळे रहिवाशांना त्रास झाला नाही. हा चांगला पायंडा आहे. छापील नकाशा मात्र बदलायलाच हवा. त्यात आजचे रस्ते आणि उपाहारगृहे आहेत. जुना किनारा, शेते, पाखाड्या यांची एकही रेघ नाही.

मुंबईत नव्याने आलेल्या किंवा वांद्र्यात केवळ खरेदीला जाणाऱ्या माणसाला ही फेरी मी सुचवीन. रानवारच्या तासाभरातच आठशे रुपये वसूल होतात. ज्यांचे थोडे वाचन आहे, त्यांनी लोकलने वांद्र्याला उतरून आधी स्वतःच स्थानक, तलाव आणि माहीम कॉजवेचे टोक पाहून घ्यावे आणि मग गटाला गाठावे. नोंदणी करताना भरती-ओहोटीची वेळही पाहून ठेवावी, कारण किल्ल्याखालचे काळे कातळ आणि खाडीचा उथळपणा ओहोटीलाच नीट दिसतो. सप्टेंबरात जत्रेच्या आठवड्यात मात्र जाऊ नये. हिल रोडपासून टेकडीपर्यंत वाहतूक बंद असते आणि त्या गर्दीत मार्गदर्शकाचे अक्षरही कानी पडत नाही.